प्रौढ वयातील इंग्रजी लेखन आणि मराठीचे व्याकरण

१. प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला. तत्पूर्वी दीर्घकाळ हा विषय सामान्यतः पाचव्या इयत्तेपासून सुरू होत असे. आज महाविद्यालयांत अध्यापन करणारी, अथवा नोकरी सांभाळून प्रबंधलेखन करणारी जी पिढी चाळिशी-पन्नाशीत आहे, तिच्यातील बहुसंख्यांचा इंग्रजीशी परिचय असा उशिराच झालेला आहे. इंग्रजी ग्रंथ वाचण्यात ह्या पिढीस फारशी अडचण पडत नाही. परंतु स्वतःच्या संशोधनाचे निष्कर्ष इंग्रजीत मांडण्याची वेळ आली म्हणजे लेखणी अडखळते. परीक्षकाच्या अभिप्रायात 'भाषा सुधारावी' एवढाच शेरा येतो. ती कोठे व कशी सुधारावी, ह्याचा बोध त्यातून होत नाही. परिणामी विचार सकस असूनही केवळ वाक्यरचनेमुळे तो कच्चा भासतो, आणि ही हानी एकट्या लेखकाची नसून त्या विषयाचीही असते.

अशा वेळी अभ्यासक दोहोंपैकी एका मार्गाने जातो. 'आता वय झाले' असे म्हणून तो प्रयत्न सोडतो, किंवा शालेय व्याकरणाचे पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा पाठ करू लागतो. हे दोन्ही मार्ग एकाच गैरसमजातून निघतात. प्रौढ लेखकाच्या चुका सर्वत्र विखुरलेल्या असतात, असे दोन्हींत गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती तशी नाही. ह्या चुका संख्येने पुष्कळ असल्या, तरी प्रकारांनी थोड्या असतात. आणि त्यांतील बऱ्याचशा मराठीच्या नियमांचे इंग्रजीत केलेले पालनच असतात.

२. वयाची मर्यादा

भाषा आत्मसात करण्याच्या नैसर्गिक सामर्थ्यास वयाची सीमा असते, हे मत एरिक लेनेबर्ग ह्यांनी १९६७ साली विस्ताराने मांडले. जॅकलिन जॉन्सन व एलिसा न्यूपोर्ट ह्यांनी १९८९ साली अमेरिकेत स्थायिक झालेल्या ४६ चिनी व कोरियन भाषिकांना इंग्रजी वाक्ये ऐकवून त्यांची शुद्धाशुद्धता विचारली. जे लहानपणी अमेरिकेत आले होते, त्यांची उत्तरे अधिक अचूक आली. हार्टशोर्न, टेनेनबॉम व पिंकर ह्यांनी २०१८ साली सुमारे ६ लाख ७० हजार व्यक्तींच्या उत्तरांवरून असा निष्कर्ष काढला, की व्याकरण ग्रहण करण्याची क्षमता सुमारे १७.४ वर्षांपर्यंत टिकते व त्यानंतर उतरू लागते.

हे निष्कर्ष निराशाजनक वाटतात खरे. तथापि त्यांत विचारलेला प्रश्न कोणता होता, हे लक्षात घेतले पाहिजे. उशिरा शिकणारा मनुष्य जन्मभाषिकाच्या पातळीस पोहोचतो काय, हा तो प्रश्न. हाती असलेला मजकूर निर्दोष करता येईल काय, हा प्रश्न वेगळा आहे. स्टीफन क्रॅशन ह्यांच्या मते जाणीवपूर्वक शिकलेला नियम उपयोगात येण्यास तीन गोष्टी लागतात: पुरेसा वेळ, भाषेच्या रूपाकडे लक्ष आणि नियमाचे ज्ञान. संभाषणात ह्या तिन्ही गोष्टी क्वचितच एकत्र येतात. लेखनात त्या तिन्ही साधता येतात. बोलणाऱ्यास क्षणाचा अवधी असतो, लिहिणाऱ्यास आठवड्याचा.

बालपण ओलांडल्यावर इंग्रजीकडे वळलेल्या लेखकांची उदाहरणे ह्या दृष्टीने बोलकी आहेत. जन्माने पोलिश असलेले जोसेफ कॉनरॅड विशीच्या उंबरठ्यावर इंग्रजी जहाजांवर नोकरीस लागले आणि १८९५ साली, सदतिसाव्या वर्षी, त्यांची पहिली इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यांचा पोलिश उच्चार अखेरपर्यंत गेला नाही. गद्य मात्र इंग्रजी वाङ्मयात मान्यता पावले. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाई संस्कृताच्या परंपरेत वाढल्या. इंग्रजीचा अभ्यास त्यांनी तारुण्यात आरंभिला, १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, आणि १८८७ साली 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाला. ही माणसे असामान्य होती हे मान्य केले, तरी लेखनाचे दार विशीत बंद होत नाही, एवढे त्यांवरून निश्चित होते.

३. मराठीच्या वळणाच्या चुका

रॉबर्ट लॅडो ह्यांनी १९५७ साली दोन भाषांच्या रचनांची तुलना करून शिकणाऱ्याच्या अडचणी कोठे येतील हे आधी ओळखण्याची पद्धत पुरस्कारिली. मराठी व इंग्रजी ह्यांची अशी तुलना केली असता पुढील स्थळे प्रामुख्याने दिसतात.

पहिले स्थळ उपपदांचे. मराठीत 'द'सारखे उपपद नाही. 'एक प्रश्नावली तयार केली. प्रश्नावली शंभर शिक्षकांना दिली,' ह्या वाक्यांत दुसरी प्रश्नावली पहिलीच होय, हे वाचक संदर्भाने जाणतो. इंग्रजीत ते शब्दाने सांगावे लागते. म्हणून दुसऱ्या वाक्यात 'द क्वेश्चनेअर' असेच लिहावे लागते. परंतु निश्चित व अनिश्चित हा भेद मराठीस परका आहे असे नव्हे. 'ती नोकर शोधते आहे' आणि 'ती नोकराला शोधते आहे' ह्या वाक्यांतील फरक प्रत्येक मराठी भाषिक विनासायास जाणतो: पहिल्यात कोणीही नोकर चालेल, दुसऱ्यात विशिष्ट नोकर अभिप्रेत आहे. म्हणजे भेद मनात आहे, त्याचे चिन्ह तेवढे निराळे आहे. ह्यावरून एक उपयुक्त कसोटी मिळते. नामापूर्वी 'तो, ती, ते' घालून अर्थ बिघडत नसेल, तर बहुधा 'द' योग्य. 'एखादा' घालता येत असेल, तर 'अ' अथवा 'ॲन' योग्य. 'द सन'सारखे रूढ प्रयोग ह्या कसोटीत बसत नाहीत. ते लक्षातच ठेवावे लागतात.

ह्याच्याच जवळचे स्थळ अगणनीय नामांचे. मराठीत 'पुरावे' सापडतात, 'सल्ले' दिले जातात. म्हणून 'एव्हिडन्सेस' व 'ॲडव्हायसेस' ही रूपे सहज उतरतात. इंग्रजीत 'एव्हिडन्स', 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट' ही नामे अनेकवचनी होत नाहीत. असे शब्द प्रत्येक विषयात मोजकेच असतात, आणि त्यांची यादी एका पानात मावते.

दुसरे स्थळ काळाचे. 'हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला आहे' हे मराठी वाक्य शुद्ध आहे; त्याच साच्यातील 'धिस बुक हॅज बीन पब्लिश्ड इन १९५७' हे इंग्रजी वाक्य अशुद्ध आहे. गत कालाचा ठरावीक निर्देश येताच इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळ वर्ज्य करते आणि 'वॉज पब्लिश्ड' असा साधा भूतकाळ मागते. उलटपक्षी, 'ते गेली दहा वर्षे येथे शिकवीत आहेत' येथे मराठीस वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीस मात्र 'हॅज बीन टीचिंग' असे रूप लागते. शिवाय 'दहा वर्षांपासून' आणि '१९९० पासून' ह्या दोहोंस मराठीत एकच 'पासून' चालत असल्याने 'सिन्स टेन इयर्स' असे लिहिले जाते. कालखंड सांगावयाचा असेल तेथे 'फॉर' व आरंभबिंदू सांगावयाचा असेल तेथे 'सिन्स', हा भेद त्यामुळे निसटतो.

तिसरे स्थळ अप्रत्यक्ष कथनाचे. 'मी येतो असे तो म्हणाला' ह्यात मराठी बोलणाऱ्याचे मूळ शब्द जसेच्या तसे ठेवते. ही रचना इंग्रजीत नेली, म्हणजे 'ही सेड दॅट आय ॲम कमिंग' असे वाक्य होते आणि येणारा कोण, हेच बदलून जाते. संशोधनपर लेखनात, जेथे इतरांची मते पानोपानी सांगावयाची असतात, तेथे हा दोष केवळ व्याकरणाचा राहत नाही. एकाचे मत दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका त्यात असतो.

चौथे स्थळ शब्दयोगी अव्ययांचे. मराठीत विषयाविषयी चर्चा होते, म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहिले जाते. कोणाशी तरी लग्न होते, म्हणून 'मॅरीड विथ'. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी अव्ययच नको, दुसऱ्या ठिकाणी 'टू' हवे.

४. इंग्रजीच्याच नियमांचा अतिरेक

तथापि प्रत्येक चुकीचे मूळ मराठीत शोधणे योग्य नव्हे. 'आय डू नॉट नो व्हेअर डिड ही गो' हे वाक्य पाहावे. मराठीत प्रश्न विचारताना शब्दक्रम बदलावा लागत नाही. तेव्हा ही चूक मराठीची नाही. प्रश्नात साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते, हा इंग्रजीचाच नियम येथे गरज नसताना लावला गेला आहे. पिट कॉर्डर ह्यांनी १९६७ साली दाखविले, की अशा चुका शिकणाऱ्याच्या मनातील नियमव्यवस्थेचा पुरावा असतात. लॅरी सेलिंकर ह्यांनी १९७२ साली त्या व्यवस्थेस अंतरभाषा असे नाव दिले. ती मातृभाषाही नसते व लक्ष्यभाषाही नसते. आणि पुष्कळदा ती एका टप्प्यावर थांबून दगडासारखी घट्ट होते. ह्या अवस्थेस अश्मीभवन म्हणतात. वर्षानुवर्षे इंग्रजी वाचूनही तीच चूक पुन:पुन्हा का होते, ह्याचे उत्तर ह्या संकल्पनेत आहे.

रिचर्ड श्मिट ह्यांनी १९८३ साली हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे संभाषणकौशल्य वाढत गेले, पण व्याकरण जवळजवळ जागीच राहिले. अर्थ पोहोचत असल्याने रूपाकडे लक्ष देण्याची त्यास निकड भासली नव्हती. पुढे १९९० साली श्मिट ह्यांनी असे प्रतिपादिले, की जे रूप जाणीवपूर्वक लक्षात घेतले जाते तेच आत्मसात होते. ह्या मताविषयी वाद आहेत. परंतु प्रौढ लेखकाच्या अनुभवाशी ते जुळते.

५. वाक्याची बांधणी

व्याकरण शुद्ध असूनही लेखन जड वाटावे, असेही घडते. त्याचे कारण क्रियापदाच्या स्थानात असते. मराठीत क्रियापद शेवटी येते व 'जो-तो' अशा जोडवाक्याने विशेषण आधी मांडले जाते. 'ज्या शाळांत ग्रंथालय नव्हते, त्या शाळांतील मुलांच्या वाचनाचा वेग, कुटुंबाचे उत्पन्न समान असतानाही, कमी आढळला' हे वाक्य मराठी वाचकास सुगम आहे. हाच क्रम इंग्रजीत ठेवल्यास कर्ता व क्रियापद ह्यांत वीस शब्दांचे अंतर पडते आणि वाचक ताटकळतो. इंग्रजीत मुले सावकाश वाचीत हे आधी सांगावे, कोणत्या शाळांतील ते मग, आणि उत्पन्नाची गोष्ट शेवटी. 'तुलना करणे', 'पाहणी करणे' ह्या मराठी धाटणीमुळे 'कम्पेअर' पुरेसे असता 'मेक अ कम्पॅरिझन' लिहिण्याची प्रवृत्तीही बळावते. क्रिया शक्यतो क्रियापदातच ठेवावी, एवढे पथ्य येथे पुरते.

६. अभ्यासाची दिशा

ह्या विवेचनातून अभ्यासाचा क्रम आपोआप निघतो. प्रथम लेखकाने स्वतःची जुनी दहा-बारा पाने घेऊन, जाणकाराच्या साहाय्याने, त्यांतील चुकांची प्रकारवार मोजणी करावी. बहुधा तीन-चार प्रकारांतच बहुतेक चुका सामावतात, आणि निराशेचे निम्मे कारण तेथेच दूर होते.

त्यानंतर एका वेळी एकच प्रकार हाती घ्यावा. लेखनातील व्याकरणदोष दुरुस्त करून देण्याची पद्धत निष्फळ असल्याने ती सोडून द्यावी, असे जॉन ट्रस्कॉट ह्यांनी १९९६ साली आग्रहाने मांडले होते. परंतु यंगही शीन ह्यांनी २००७ साली केवळ उपपदांपुरती दुरुस्ती करून पाहिली, तेव्हा दुरुस्ती न मिळालेल्या गटापेक्षा त्या विद्यार्थ्यांची प्रगती अधिक दिसली. सर्व पान लाल करण्यापेक्षा एकच दोष धरून संपूर्ण पान वाचणे फलदायी, असा ह्याचा अर्थ घेता येईल.

तिसरा उपाय दुहेरी भाषांतराचा. रॉजर ॲस्कम ह्यांच्या १५७० साली प्रसिद्ध झालेल्या 'द स्कूलमास्टर' ह्या ग्रंथात तो लॅटिनसाठी सांगितला आहे. आपल्या विषयातील चांगल्या इंग्रजी ग्रंथाचा एक परिच्छेद मराठीत उतरवावा; काही दिवसांनी मूळ न पाहता त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करावे; नंतर दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून पाहावेत. महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर इंग्रजी गिरविले. भाषांतर ही येथील जुनीच वाट आहे. भेद एवढाच, की येथे सुटी वाक्ये नसून सलग परिच्छेद असतो, आणि त्याची तुलना प्रत्यक्ष मूळ मजकुराशी होते. जेथे जेथे दोन पाठ वेगळे पडतात, तेथे तेथे मराठीचे वळण उघडे पडते.

संगणकावरील व्याकरणशोधक साधनांचा विचारही येथे केला पाहिजे. ती चूक क्षणार्धात दुरुस्त करतात. परंतु दुरुस्ती डोळ्यांआड झाली, तर श्मिट ज्यास लक्षात घेणे म्हणतात ते घडत नाही. सुचविलेला बदल स्वीकारण्यापूर्वी त्याचे कारण स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. अन्यथा मजकूर सुधारतो, लेखक सुधारत नाही. शिवाय अप्रत्यक्ष कथनासारख्या स्थळी वाक्य शुद्ध होऊनही अर्थ चुकीचा राहू शकतो, आणि त्याची जबाबदारी लेखकाचीच असते.

७. निष्कर्ष

प्रौढ वयात इंग्रजीचा उच्चार, बोलण्यातील सहजता आणि शब्दांची जन्मजात जाण पूर्णतः लाभेलच असे नाही. परंतु लिखित भाषेची शुद्धता व स्पष्टता वेळ, लक्ष आणि ज्ञान ह्यांवर अवलंबून असते, आणि ही तिन्ही प्रौढ अभ्यासकाच्या आवाक्यात आहेत. त्यांपैकी ज्ञानाचा मोठा भाग त्याच्यापाशी आधीच असतो. 'नोकर' आणि 'नोकराला' ह्यांतील भेद त्यास कोणी शिकवावा लागत नाही. म्हणून मराठी माध्यमातून आलेल्या संशोधकांसाठी इंग्रजी लेखनाचे जे वर्ग विद्यापीठांत चालतात, त्यांत मराठीच्या रचनेचे विवेचन हा पाठ्यक्रमाचा पहिला घटक असणे उचित ठरेल. मराठीचे व्याकरण नेमके ठाऊक असलेला अध्यापक हा ह्या कामी इंग्रजीच्या अध्यापकाइतकाच आवश्यक आहे.