कंबर दुखते, पण कशी दुखते?

बचत गटाची बैठक संपली, रजिस्टर मिटलं, की उठताना एकीचा तरी हात कमरेवर जातो आणि "आई गं" निघतं. मग बोलणं सुरू होतं. कुणी म्हणते मणक्यात गॅप आहे. कुणी म्हणते बाळंतपणात पाठीत सुई दिली तेव्हापासून दुखतंय. कुणी हळूच सांगते, अंगावरून पांढरं जातं त्यामुळे असेल. दवाखान्यात गेल्यावर मात्र आपण सगळ्या एकच वाक्य बोलतो, "डॉक्टर, कंबर दुखते." आणि बहुतेक वेळा सगळ्यांना एकसारख्याच गोळ्या मिळतात.

पोटात दुखणं जसं दहा कारणांनी असतं, तसंच कमरेचं आहे. केव्हा दुखते, कुठवर जाते, कशाने बरं वाटतं, यावरून बरंचसं कळतं. आम्ही डॉक्टर नाही, पण कुठलं दुखणं घरी सांभाळायचं आणि कुठल्याला लगेच गाडी करायची, एवढं प्रत्येक गटात माहीत असायला हवं.

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. कमरेत असे पाच. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, ती धक्के सोसते. मागच्या बाजूने नसा खाली पायात उतरतात. आणि हे सगळं उभं धरतात ते पाठीचे आणि पोटाचे स्नायू, मांडवाला ताण देणाऱ्या दोऱ्यांसारखे. दोऱ्या ढिल्या पडल्या की मांडव डुगडुगतो, तसंच इथे होतं.

आता एक करून बघा. पाण्याने भरलेला तांब्या छातीजवळ धरा. मग तोच तांब्या हात सरळ लांब करून धरा. वजन तेवढंच, पण खांदा भरून येतो. हंडा अंगापासून लांब धरून, वाकून उचलला की कमरेचं हेच होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, वर भांड्याचं वजन वेगळं.

पहिलं दुखणं उसण. हंडा उचलताना, भाऱ्याला हात लावताना, कधी नुसती शिंक आली तरी कमरेत कळ येते आणि बाई तिथल्या तिथे अडकते. स्नायू किंवा सांध्याचा बंध ताणला जातो आणि आजूबाजूचे स्नायू आवळून बसतात. दुखतं भयंकर, पण धोका कमी. आपल्याकडे पायाळू माणसाकडून पाठीला लाथ लावून घेतात आणि उसण गेली म्हणतात. खरं म्हणजे उसण चार-आठ दिवसांत आपोआपच उतरायला लागते, श्रेय पायाळूला मिळतं. हळू पाय लावला तर एक वेळ चालेल, पण म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर तो प्रयोग नको, का ते पुढे येईलच. डाग देणं मात्र कुणालाच नको. कंबर राहते बाजूला आणि भाजल्याची जखम पिकते.

उसण भरल्यावर पूर्वी पंधरा-पंधरा दिवस आडवं पडायला सांगत. आता तसं सांगत नाहीत. फार तर एक-दोन दिवस आराम, मग हळूहळू चालणं-फिरणं. पडून राहिलं की स्नायू आणखी आखडतात. गरम पाण्याच्या पिशवीने किंवा तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीने शेक घ्यावा. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांच्या मध्ये गोधडीची घडी ठेवली की कमरेला आराम पडतो. आता "हालचाल करा" म्हणजे हंडे वाहा असं नव्हे. घरच्यांनी याचा सोयीचा अर्थ काढू नये.

दुसरं दुखणं आपलं रोजचं, आवणीचं. पाठीवर इरलं असो की प्लास्टिक, चिखलात उभं राहून दिवसभर वाकायचं, तेही सलग कितीतरी दिवस. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात करणाऱ्या गावांत हे वर्षातून दोनदा होतं. पुढे कापणी, भारे, झोडणी आणि मग वीटभट्टी. खोपोलीकडे कंपनीत जाणाऱ्या पोरी दिवसभर उभ्या असतात, त्यांचंही दुखणं याच जातीचं. ते बोथट असतं, दोन्ही बाजूंना असतं, संध्याकाळी वाढतं आणि पायात उतरत नाही. मणका खराब झालेला नसतो, स्नायू थकलेले असतात. खोडकिड्यासाठी भात जमिनीलगत कापा असं सांगतात, ते बरोबरच आहे. पण त्यासाठी जास्त वाकावं कुणाला लागतं, ते कुणी बोलत नाही.

यावर खरा उपाय काम करण्याच्या पद्धतीत आहे. आवणीत दोन-चार ओळी झाल्या की सगळ्यांनी सरळ उभं राहायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे वाकायचं. एकटी उभी राहिली तर आळशी ठरते, सगळ्या राहिल्या तर कुणी बोलत नाही. ओझं उचलताना गुडघ्यात वाकावं, ओझं अंगाजवळ घ्यावं, आणि वळायचं तर कंबर न पिळता पाय वळवावेत. कडेवर कळशी किंवा मूल असेल तर बाजू बदलत राहावं. डोक्यावरच्या ओझ्याने मानेवर ताण येतो, कमरेचं नुकसान मात्र उचलताना आणि उतरवताना जास्त होतं. म्हणून "हात लाव गं" म्हणायला लाजू नका.

आपल्याच तालुक्यात नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची एक पद्धत बसवली आहे, सगुणा राईस तंत्र, म्हणजे एसआरटी. त्यात एकदा गादीवाफे करायचे आणि पुढे दर हंगामाला नांगरणी नाही, चिखलणी नाही, राब नाही, आवणी नाही. लोखंडी साच्याने भोकं पाडून त्यात बी टोकायचं. टोकताना वाकावं लागतंच, पण गुडघाभर चिखलातून रोपांच्या मुठी घेऊन दिवस-दिवस सरकणं वाचतं. या पद्धतीत तणनाशक वापरावं लागतं, त्यामुळे फवारताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. ही पद्धत सांगताना खर्च आणि उत्पन्नाचा हिशेब मांडतात. आमच्या मते त्यात बायकांच्या कमरेचाही हिशेब धरायला हवा. गटातल्या एक-दोघींनी घरातल्या पुरुषांना घेऊन ते शेत एकदा बघून यावं.

तिसरं दुखणं नसेचं. कळ कमरेतून किंवा कुल्ल्यातून निघते आणि एका पायात, गुडघ्याच्या खाली पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत जाते. मुंग्या येतात, खोकलं की करंट मारतो. यालाच सायटिका म्हणतात. मणक्यांमधली गादी फुगून नसेला टेकलेली असते. ऐकून घाबरायला होतं, पण यातल्याही बहुतेक जणी दीड-दोन महिन्यांत ऑपरेशनशिवाय सुधारतात. डॉक्टरांना दाखवावं, जड उचलणं बंद ठेवावं.

पण या दुखण्यात लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, बसायच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर झालं, पाऊल उचलेना, तर थांबायचं नाही. सकाळपर्यंतही नाही. १०८ ला फोन करायचा. तिथे उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. ही गोष्ट लाजेची नाही, सुनेनेही सासूला विचारावी आणि सासूनेही सुनेला.

गॅपचंही इथेच बोलून घेऊ. वय वाढलं की मणक्यांमधली गादी सुकते, अंतर कमी होतं. केस पांढरे होतात तसंच ते. काहीच दुखत नाही अशा माणसांच्या फोटोतही गॅप दिसते. म्हणून नुसत्या रिपोर्टवरून घाबरून कर्ज काढू नका. दुखणं आणि रिपोर्ट जुळतात का, ते डॉक्टरांना विचारा.

साठी ओलांडलेल्या बायकांची दोन दुखणी वेगळी असतात. एकीला थोडं चाललं की पाय जड होतात, आणि खाली बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. तिची नसांची जागा अरुंद झालेली असू शकते. तिने मगाशी सांगितलेलं मागे वाकणं करू नये. दुसरीचं हाड ठिसूळ झालेलं असतं. गाडीचा गचका बसतो, किंवा पडण्याचं निमित्त होतं, आणि पाठीच्या मध्यावर जोरात दुखायला लागतं. मणका चेपलेला असतो. पाळी गेल्यानंतर हाडं लवकर झिजतात, म्हणून पाठीवर लाथ नको. नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, काट्यासकट खायची सुकी मासळी आणि अंगावर ऊन, हे तरुणपणापासून हवं.

रात्री दुखणं वाढतं, पडूनही थांबत नाही, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतं आणि महिना उलटला, तर मणक्याचा टीबी असू शकतो. टीबी फक्त छातीचा नसतो, खोकला नसतानाही तो मणक्यात असू शकतो. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला आहारासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते. गोळ्या घेऊन हा आजार बरा होतो, पण नुसत्या मालिशवर वेळ घालवला तर पाय लुळे पडू शकतात.

आणखी एक ओळखायला अवघड. चाळिशीच्या आतली बाई, सकाळी अर्ध्या तासाच्या वर कंबर ताठ, पहाटे दुखण्याने जाग, आणि काम करायला लागलं की उलट मोकळं वाटतं. हा सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो, त्याची औषधं वेगळी.

आता आपले समज. पांढरं जातं म्हणजे हाडं वितळून जातात, हे खरं नाही. थोडं पांढरं जाणं नैसर्गिक आहे. वास येत असेल, खाज असेल, ओटीपोटात दुखत असेल तर जंतुसंसर्ग आहे, आणि त्यामुळे कंबरही दुखू शकते. त्याला उपचार आहे. अंग बाहेर येत असेल तरी कमरेत ओढ लागते, तेही दाखवा. बाळंतपणातल्या पाठीच्या सुईची जागा काही दिवस दुखते, पण वर्षानुवर्षं कंबर दुखायला ती कारण नसते. पोटाचे सैल पडलेले स्नायू आणि बाळाला घेऊन वाकणं हे कारण असतं.

कमरेचं दुखणं काही आपलंच नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ते होतं, त्यात बायका जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल सूचना काढल्या. त्यात व्यायामाला जागा आहे आणि बाजारात मिळणारे कमरेचे पट्टे सरसकट वापरू नका असं सांगितलं आहे. दुखण्याच्या गोळ्या चार दिवस, जेवून, विचारून घ्याव्यात. मेडिकलमधून सुट्या आणून महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात अल्सर होतो, मूत्रपिंड बिघडतं. सलाईनने कंबर बरी होत नाही.

व्यायाम दोनच सांगतो, रेडिओवरून तेवढेच कळतील. उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर वर उचलून पाच आकडे मोजायचे. मग सारवायला बसतो तसं हात-गुडघ्यांवर येऊन पाठ मांजरासारखी वर करायची, मग हळूच खाली सोडायची. दोन्ही दहा-दहा वेळा, रोज. पाठीचं हाड ठिसूळ असलेल्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, काशेळे किंवा चौकचं ग्रामीण रुग्णालय, जिथे जाल तिथे केसपेपर काढून नुसतं "कंबर दुखते" म्हणू नका. कधीपासून, काय करताना सुरू झालं, पायात कुठवर जातं, रात्री कसं असतं, ताप किंवा वजन, पाळी, लघवी, आणि आधी कुठल्या गोळ्या घेतल्या, एवढं सांगा. लक्षात राहणार नसेल तर बैठकीत गटाच्या सचिवाकडून एका कागदावर लिहून घ्या, आणि रिकामी गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.