उमेदवार खेळाडूंचा करारनामा

आपल्याकडील जुन्या कचेऱ्यांत ‘उमेदवार’ या नांवाचा एक वर्ग असे. तो रोज वेळेवर येई, नकला करी, दप्तर बांधी. परंतु कायम नोकरांच्या यादींत त्याचें नांव नसे. एखादी जागा रिकामी होईल आणि ती आपल्याला मिळेल, या आशेवर त्याचे दिवस जात. अमेरिकेंतील एका अत्यंत धनाढ्य खेळांत असाच एक वर्ग आजहि नांदत आहे. फरक एवढाच कीं, तेथील उमेदवाराला वेतन मिळतें आणि त्याची उमेदवारी कलमवार लिहून काढलेली आहे. त्या वर्गाला ‘प्रॅक्टिस स्क्वॉड’, म्हणजे सराव-तुकडी, असें म्हणतात.

हा खेळ अमेरिकन फुटबॉलचा. आपल्या परिचयाच्या फुटबॉलशीं त्याचें साम्य नांवापुरतेंच आहे. चेंडू लांबट असतो, तो हातांत घेऊन धांवतां येतें, हातानें दूर फेंकतां येतो, आणि प्रतिपक्षाला अंगबळानें अडविणें हें खेळाचें मुख्य अंग आहे. एका वेळीं प्रत्येक बाजूचे अकरा गडी मैदानांत असतात. पण चढाईचे गडी वेगळे आणि बचावाचे वेगळे. त्यामुळें संघ मोठा लागतो. ‘नॅशनल फुटबॉल लीग’ या व्यावसायिक मंडळांत ३२ संघ आहेत. प्रत्येकाच्या मुख्य यादींत ५३ खेळाडू असतात, आणि सामन्याच्या दिवशीं त्यांपैकीं फार तर ४८ जणांना पोषाख चढवितां येतो.

मग सराव-तुकडी हवी कशाला? कारणें दोन. पहिलें दुखापतीचें. या खेळांत हाडें मोडतात, गुडघे निखळतात, डोक्याला मार बसतो. मुख्य यादींत पडलेली पोकळी आठवड्याच्या आंत भरून काढावी लागते. दुसरें कारण तालमीचें. येत्या सामन्यांतील प्रतिपक्ष कसा खेळतो याचा अभ्यास करून सराव-तुकडीचे गडी त्याचीच हुबेहुब नक्कल करतात, आणि मुख्य खेळाडू त्यांच्याविरुद्ध तालीम करतात. नाटकमंडळींत मुख्य नटाला तालमींत प्रत्युत्तर देणारा आणि प्रसंगीं त्याची भूमिकाहि निभावणारा नट असावा, तसे हे लोक होत.

या प्रथेचा उगम मोठा गंमतीचा आहे. १९४६ सालीं क्लीव्हलंड शहरांत ब्राउन्स हा संघ उभा राहिला. त्याचे शिक्षक पॉल ब्राउन आणि मालक आर्थर मॅकब्राइड. यादींत न मावणारे पण हातचे सोडवत नाहींत असे खेळाडू ठेवावे कोठें, हा प्रश्न होता. मॅकब्राइड यांचा टॅक्सी-मोटारींचा धंदा होता. त्यांनीं या खेळाडूंचीं नांवें टॅक्सी कंपनीच्या पगारपत्रकावर घातलीं. त्यावरून अशा राखीव गड्यांना ‘टॅक्सी स्क्वॉड’ हें नांव पडलें. पुढें १९८९ सालीं मंडळानें राखीव तुकडीची रीतसर सोय केली. २००४ सालीं तिची मर्यादा आठ झाली, २०१४ सालीं दहा. आणि २०२० सालीं महामारीमुळें ती एकदम सोळावर गेली ती तेथेंच स्थिरावली. २०२४ पासून परदेशांतून आलेला एक खेळाडू सतरावा म्हणून ठेवतां येतो.

तुकडी बनते ती ऑगस्टच्या अखेरीस. उन्हाळ्यांतील शिबिरांत प्रत्येक संघापाशीं नव्वद गडी असतात. हंगामापूर्वीं त्यांचे त्रेपन्न करावे लागतात. म्हणजे सर्व संघ मिळून अकराशेंहून अधिक तरुणांची रोजी जाते. ज्यांचे चार हंगाम पुरे भरलेले नसतात त्यांचीं नांवें प्रथम एक दिवस इतर संघांपुढें ठेवलीं जातात. कोणीं उचललें तर त्या संघाकडे जावें लागतें; न उचलल्यास खेळाडू मोकळा होतो, आणि मग त्याच्याशीं सराव-तुकडीचा करार करतां येतो. बहुतेक जागा नवशिक्यांसाठीं आहेत. तथापि सहा जागांवर कितीहि वर्षांचा जुना खेळाडू घेतां येतो.

आतां वेतनाचा हिशेब. मंडळ आणि खेळाडूंची युनियन यांच्यामधील २०२० च्या सामुदायिक करारानें दर ठरविले आहेत, आणि तो करार २०३० च्या हंगामापर्यंत चालावयाचा आहे. २०२५ च्या हंगामांत सराव-तुकडींतील नवशिक्याचें किमान वेतन आठवड्याला १३,००० डॉलर होतें. जुन्या खेळाडूंना १७,५०० ते २२,००० डॉलर देतां येत. हंगामाचे अठरा आठवडे पुरे भरले तर नवशिक्याला २,३४,००० डॉलर मिळत. मुख्य यादींतील अगदीं नव्या खेळाडूचें त्याच वर्षींचें किमान वेतन मात्र ८,४०,००० डॉलर होतें. दोघे एकाच मैदानावर घाम गाळतात, एकाच पंगतीला जेवतात; पण एकाची प्राप्ति दुसऱ्याच्या साडेतीनपटींहून अधिक.

आपल्या दृष्टीनें तेरा हजार डॉलर हीहि रक्कम डोळे दिपविणारी आहे. परंतु करारांतील मुख्य गोष्ट रक्कम नव्हे, मुदत होय. हा करार आठवड्याआठवड्याचा असतो. संघाला वाटेल तेव्हां तो संपवितां येतो. सोमवारीं तालमीला आलेला गडी मंगळवारीं सामान बांधूं लागतो, आणि त्याच्या खुंटीला दुसऱ्याचा पोषाख लागतो. घर भाड्यानें घ्यावें तर किती महिन्यांचें, बायकामुलांना आणावें कीं नाहीं, याचा निर्णयहि त्याला करतां येत नाहीं. शिवाय सराव-तुकडींत घालविलेले आठवडे सेवेच्या वर्षांत धरले जात नाहींत. पूर्ण वेतनाच्या यादींत निदान सहा सामने गेले तरच एक हंगाम भरला असें मानतात. आणि असे चार हंगाम भरून करार संपल्यावरच खेळाडूला स्वतःच्या इच्छेनें कोणत्याहि संघाशीं बोलणें करतां येतें.

एवढें वाचून हा एकतर्फी व्यवहार आहे असें वाटेल. परंतु त्याला दुसरी बाजू आहे. गांठ सैल आहे ती दोन्हीकडून. सराव-तुकडींतील खेळाडूला दुसऱ्या कोणत्याहि संघानें आपल्या मुख्य यादींत जागा देऊं केली, तर तो ताबडतोब जाऊं शकतो. पहिल्या संघाची परवानगी लागत नाहीं. नेणाऱ्या संघाला मात्र त्याचें निदान तीन आठवड्यांचें मुख्य यादीचें वेतन द्यावेंच लागतें. २०२५ च्या किमान दरानें हे सुमारें १,४०,००० डॉलर होतात, म्हणजे सराव-तुकडींतील दहा आठवड्यांच्या कमाईहून अधिक. शेजाऱ्याचा गडी फुकटांत पळवून चार दिवसांनीं रस्त्यावर सोडावा, या खोडीला अशा रीतीनें आळा बसतो.

या स्वातंत्र्याला दोन कुंपणें आहेत. पुढच्याच सामन्यांत ज्या संघाशीं गांठ असेल त्याला, सामना सहा दिवसांहून जवळ आला असतां, हा खेळाडू घेतां येत नाहीं. नाहीं तर डावपेचांची बातमीच विकत घेतल्यासारखें होईल. दुसरें असें कीं, प्रत्येक आठवड्याला संघ आपल्या तुकडींतील चार नांवें राखून ठेवूं शकतो. त्या आठवड्यापुरता त्यांना कोणी हात लावूं शकत नाहीं. अर्थात् ज्याची मागणी होण्याचा संभव अधिक, त्याच्याच दाराला कडी लागते. खेळाडूच्या दृष्टीनें करारांतील सर्वांत जाचक कलम कदाचित् हेंच असेल.

मुख्य यादींत न जातांहि मैदानांत उतरण्याची एक वाट २०२० पासून उघडली आहे. प्रत्येक सामन्यासाठीं संघाला सराव-तुकडींतील दोन गडी तात्पुरते वर घेतां येतात. त्या आठवड्यापुरतें त्यांना मुख्य यादीच्या दरानें वेतन मिळतें, आणि सामना संपतांच ते आपोआप पूर्वस्थानीं येतात. मुख्य हंगामांत एकाच गड्याला तीनपेक्षां अधिक वेळां असें वापरतां येत नाहीं. चौथ्यांदा हवा असेल तर त्याला मुख्य यादींत घेणें भाग पडतें. गरज पडेल तेव्हां राबवावें आणि जागा कधींच देऊं नये, असें होऊं नये म्हणून हा निर्बंध.

या वाटेनें वर आलेल्यांत केंडल हिंटन याची कथा सर्वश्रुत आहे. २०२० च्या नोव्हेंबरांत डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाचे सर्व क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेंकून चढाई चालविणारे गडी, महामारीच्या नियमांमुळें एकाएकीं बाद झाले. हिंटन सराव-तुकडींत होता, तोहि चेंडू झेलणारा म्हणून. विद्यापीठांत मात्र त्यानें क्वार्टरबॅकचें काम केलें होतें. सामना एका दिवसावर आला असतां ती जबाबदारी त्याच्या अंगावर पडली. २९ नोव्हेंबर रोजीं त्यानें नऊ वेळां चेंडू फेंकला. एकदांच तो आपल्या गड्याच्या हातीं पडला, दोनदां प्रतिपक्षानें झेलला. न्यू ऑर्लीन्सचा संघ ३१–३ असा जिंकला. पण पूर्वतयारीशिवाय उभा राहिलेल्या त्या तरुणाला कोणीं हंसलें नाहीं. त्या दिवशीं त्यानें मनगटावर बांधलेली डावांची पट्टी ओहायो प्रांतांतील कॅन्टन येथील फुटबॉलच्या संग्रहालयानें मागून घेतली.

उमेदवारी फळाला आल्याचीं उदाहरणेंहि आहेत. एरियन फॉस्टर याला २००९ सालीं एकाहि संघानें वार्षिक निवडींत घेतलें नाहीं. तो ह्यूस्टनच्या सराव-तुकडींत राहिला, आणि २०१० सालीं चेंडू घेऊन १,६१६ यार्ड धांवून साऱ्या मंडळांत पहिला आला. जेसन पीटर्स २००४ सालीं बफेलोच्या सराव-तुकडींत होता. तेथें त्याची जागा बदलून त्याला नवी विद्या शिकविली गेली, आणि पुढें नऊ वेळां त्याची निवड वर्षांतील उत्तम खेळाडूंत झाली. परंतु अशीं नांवें लक्षांत राहतात तीं मोजकीं असल्यामुळेंच. हंगाम संपला कीं सराव-तुकडीचा करारहि संपतो. कोणाला पुढील वर्षाचें बोलावणें येतें. कोणी दुसरा उद्योग पाहूं लागतो.

या कराराला दया म्हणणें चूक, आणि निव्वळ पिळवणूक म्हणणेंहि चूक. संघ येथें तयार माणूस स्वस्तांत जवळ बाळगतो. खेळाडू स्वास्थ्य सोडून संधि विकत घेतो. तीन आठवड्यांच्या वेतनाची हमी आणि तीन वेळांची मर्यादा हीं कलमें करारांत आहेत, म्हणूनच त्या संधीला कांहीं किंमत आहे. आशेवर काम करणारीं माणसें प्रत्येक देशांत आणि प्रत्येक धंद्यांत असतात. त्यांच्या आशेची मुदत आणि मोबदला कागदावर लिहिला गेला आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.