तोंडाची नव्हे, हाताची टकळी!

"अरे, तोंडाची टकळी बंद करा पाहू!"

हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते, याचा हिशेब नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीच्या वर्गात ते म्हटले आणि मागच्या रांगेतून प्रश्न आला, "बाई, टकळी म्हंजे काय हो?"

"टकळी म्हणजे... सूत कातायची असते ती."

"सूत कसं कातत्यात?"

आता मात्र माझीच टकळी बंद पडली! डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या तासाला मी टकळी हातात धरली होती, पण ती गुणांपुरती. पुढे ती कुठे गेली, देव जाणे.

मित्रांनो, आमची शाळा हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात आहे. आमच्याकडे आता सोयाबीन आणि हळद खूप झाली, तरी शाळेच्या कुंपणापलीकडे कापसाचे शेत आहेच. वेचणीच्या दिवसांत मुलांच्या बोटांवर बोंडांच्या टोकांचे ओरखडे दिसतात. कापूस गाडीत भरून जिनिंगला जातो आणि कधीतरी शर्ट होऊन बाजारातून परत येतो. मधल्या वाटेत त्याचे काय होते, हे मात्र कापूस पिकवणाऱ्यांच्या मुलांनाही ठाऊक नव्हते. आणि खरे सांगायचे तर त्यांच्या बाईंनाही नीट ठाऊक नव्हते. मग आम्ही ठरवले, आपण सगळेच शिकू या.

पीळ हीच खरी गंमत

तुम्हीही आत्ता एक प्रयोग करा. चिमूटभर कापूस घ्या. शेतातला नसेल तर औषधाच्या दुकानातला चालेल. तो दोन्ही हातांनी हळूहळू ओढा. काय झाले? पटकन तुटला ना? आता दुसरी चिमूट घ्या. ओढता ओढता बोटांनी तिला पीळ द्या. आता ओढून पाहा. सहज तुटत नाही!

असे का होते? कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांबलचक पेशी असते. तिची लांबी साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर. बोंड फुटले की ती वाळते, चपटी होते आणि आपोआप वेटाळे घेते. असे हजारो वेटाळलेले तंतू शेजारी शेजारी आणून त्यांना पीळ दिला, की ते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. सूत म्हणजे दुसरे काही नाही. एकटा तंतू फुंकरीने उडतो. पिळात आलेले तंतू मात्र कापड होऊन आपले अंग झाकतात.

आजी देवापुढच्या वाती वळते, तेव्हा ती हेच करत असते. फरक इतकाच, की वातीला तळहात पुरतो. हातभर, कोसभर सूत हवे असेल तर एखादी फिरणारी वस्तू हवी. तीच टकळी आणि तोच चरखा.

टकळी घरी बनवा

टकळीला पैसे लागत नाहीत. बांबूची पेन्सिलीपेक्षा बारीक, वीतभर लांब, सरळ काडी घ्या. तिचे खालचे टोक तासून घ्या आणि वरच्या टोकाजवळ सूत अडकवायला खाच पाडा. नारळाच्या करवंटीची गोल चकती घासून गुळगुळीत करा. चकतीच्या बरोब्बर मध्यभागी भोक पाडून ती काडीच्या खालच्या भागात घट्ट बसवा. (करवंटीला भोक पाडायचे काम मोठ्या माणसांकडूनच करून घ्या.) भोक जरा जरी बाजूला गेले तरी टकळी डुलते. परीक्षा सोपी आहे. ताटलीत भोवऱ्यासारखी फिरवून पाहा. जी जागच्या जागी 'झोपते', म्हणजे फिरतेय की उभी आहे हेच कळत नाही, ती चांगली.

टकळी जड मात्र नको. कापसाचे तंतू आखूड असतात, त्यामुळे कोवळे सूत वजनाने तुटते. म्हणूनच कापूस कातताना टकळीचे टोक वाटीत टेकवतात. धनगर मंडळी घोंगडीसाठी लोकर कातताना टकळी हवेत लोंबती ठेवतात, चालता चालतासुद्धा कातत राहतात. त्यांना ते जमते, कारण लोकरीचे तंतू लांब असतात. जसा तंतू तसे हत्यार!

आता कातायचे कसे? आधी कापसातली सरकी काढा. मग कापूस बोटांनी उकलून किंवा पिंजून मोकळा करा. त्याचा पातळ थर काडीभोवती गुंडाळून काडी ओढून घ्या. ही पोकळ, मऊ नळी म्हणजे पेळू. टकळीला आधी थोडे तयार सूत बांधा आणि त्याचे टोक पेळूच्या टोकाशी जुळवा. उजव्या हाताने टकळी फिरवा, डाव्या हाताने पेळू हळूच मागे न्या. हातभर सूत झाले, की ते काडीवर गुंडाळा आणि पुन्हा सुरू करा. टकळी नेहमी एकाच दिशेने फिरवायची. मध्येच उलटी फिरवलीत तर सगळा पीळ उलगडेल.

लिहायला चार ओळी, शिकायला पंधरा दिवस! पहिल्या आठवड्यात आमच्या वर्गात सूत कमी आणि कापसाच्या पिसांनी भरलेली डोकी जास्त होती.

महाराष्ट्रातले चरखे

टकळीवरचे काम सावकाश होते. विनोबा भावे टकळीचे मोठे अभ्यासक. वर्ध्याजवळ नालवाडीला असताना त्यांनी फक्त सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर जगायचा प्रयोगही करून पाहिला.

गांधीजींना स्वदेशी सुताचा ध्यास लागला, तेव्हा घरोघरचे चरखे जवळजवळ बंद पडले होते. गंगाबेन मजमुदार या बाईंनी शोध शोध शोधून बडोदे संस्थानातल्या विजापूर गावी ते शोधून काढले. ते मोठ्या चाकाचे, जागा अडवणारे उभे चरखे होते. पुढे पुण्याच्या येरवडा तुरुंगात असताना गांधीजींनी पेटीत मावणारा चरखा सुधारून घेतला. म्हणून त्याला येरवडा चरखा किंवा पेटी चरखा म्हणतात. त्यात दोन चाके असतात. मोठे चाक हाताने फिरवले, की दोरीने लहान चाक भराभर फिरते आणि लहान चाकाच्या दोरीने चाती त्याहून भराभर फिरते. सायकलच्या पायडलाची आठवण झाली ना?

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने उत्तम चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचे एक लाख! आपल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही चरखा बनवला. पण अटी इतक्या कडक होत्या, की बक्षीस कुणालाच मिळाले नाही. नंतर तामिळनाडूच्या एकंबरनाथ यांनी अनेक चात्यांचा चरखा तयार केला. त्यांच्या नावावरूनच तो 'अंबर चरखा' झाला. वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालय जरूर पाहा. १९३८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे एकत्र पाहायला मिळतात.

चाती वाकडी, की हात?

आता माझी एक चूक सांगते.

मुलांचा हात टकळीवर बसू लागला, तेव्हा मी एका प्रदर्शनातून पेटी चरखा विकत आणला. चकचकीत पॉलिश, पितळी कडी. बघताच भुलले. पैसे माझ्या पगारातले, त्यामुळे कौतुकही जास्त. पण वर्गात सुरू केला आणि सूत तुटायला लागले. एकाचे तुटले, दुसरीचे तुटले. आमच्या वर्गात एक मुलगा आहे. वाचनात मागे, बोलण्यात त्याहून मागे. टकळीवर मात्र त्याचे सूत बरे यायचे. त्याच्या हाताखाली सूत सातव्यांदा तुटले आणि मी चिडून म्हटले, "अरे, लक्ष कुठंय तुझं? हात जरा हलका ठेव ना!"

तो काही बोलला नाही. चरखा सोडून उठला आणि दुसऱ्या दिवशी शाळेतच आला नाही.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. ओसरीवर त्याची आजी वाती वळत बसली होती. मी सगळे सांगितले. आजी हसली. "मी बी साळंत टकळी चालवलीय की, बाई! चौथीपस्तोर शिकले. कवितेला मार खाल्ला, पर सुताला गुर्जी शाबास म्हनायचे."

आजीचे म्हणणे खरेच होते. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत 'हाताला काम देणारे शिक्षण' ही कल्पना मांडली गेली. त्यानंतर कितीतरी प्राथमिक शाळांत सूतकताईचा तास असे. तुमच्याही आजी-आजोबांना विचारून पाहा.

दुसऱ्या दिवशी आजी नातवाचे बोट धरून शाळेत आल्या. डोळ्यांना कमी दिसते, म्हणून चरख्याला अगदी नाक लावून बसल्या. चाक फिरवले. सूत तुटले. आजींनी कापूस बाजूला ठेवला, नुसतेच चाक फिरवले आणि चातीच्या टोकाजवळ बोट धरले. टोक बोटाला लागे, सुटे, लागे, सुटे.

"बाई," आजी म्हणाल्या, "चाती वाकडी हाय. लेकराचा हात न्हाई वाकडा."

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी त्या मुलाला म्हटले, "माझं चुकलं रे." तो लाजला आणि चरख्याच्या मागे लपला.

गावातल्या सायकलवाल्याने चाती ठोकून सरळ करून दिली. त्या दुपारी त्याच मुलाने पहिले लांब सूत काढले. पेळू जोरात मागे नेऊ लागला, की आजी म्हणत, "काय वढायलास रं इतकं? रुईला वढू नको, तिला येऊ दी!" इतके चांगले वाक्य मला डी.एड.च्या पुस्तकात सापडले नव्हते.

चरखा घेताना काय पाहाल?

पालकांनो, हे तुमच्यासाठी. सुरुवात टकळीनेच करा. मुलाचा रस महिनाभर टिकला, तरच चरख्याचा विचार करा. शिकण्यासाठी पेटी चरखा पुरे. अंबर चरखा रोजगारासाठी, मोठ्यांसाठी. चरखा घेताना पॉलिश पाहू नका. चाक फिरवून चातीचे टोक थरथरते का ते पाहा. दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, दोरी घसरते का, मूठ सैल आहे का, तेही पाहा. जादा चाती आणि दोरी मागून घ्या. आणि दुकानदाराला म्हणा, "आधी थोडं कातून दाखवा." तुम्हाला कातता येत नसेल, तर येणारी एखादी आजी सोबत न्या!

एका रुमालाचा हिशेब

मग आम्ही एक गणित केले. ३० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद असा रुमाल विणायचा. एका सेंटिमीटरमध्ये २० धागे धरले, तर उभे धागे ६००. प्रत्येक ३० सेंटिमीटरचा, म्हणजे १८० मीटर सूत. आडव्या धाग्यांचेही तितकेच. एकूण ३६० मीटर! आमच्या वर्गातली एक मुलगी टकळीवर तासाला १२ मीटर कातायची. म्हणजे एका रुमालासाठी नुसते कातण्याचेच ३० तास. विणकाम वेगळेच.

उत्तर फळ्यावर लिहिले आणि वर्गात कुणी बोलेना. एकाने हळूच आपल्या शर्टाची बाही चाचपून पाहिली. यंत्रे आली हे बरेच झाले, नाहीतर आपल्याला वर्षाला एक सदरासुद्धा मिळाला नसता. पण सदरा फाटला म्हणून फेकताना आता त्यांचा हात थोडा अडखळतो, असे त्यांच्या आयाच सांगतात.

आपला मराठवाडाही सुताशी जुना संबंध ठेवून आहे. आमच्या जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे गाव, आणि नामदेवांच्या घरचा धंदा शिंप्याचा. शेजारच्या नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात आणि त्यांचे कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणले जाते. २०२१ च्या डिसेंबरात नियम बदलला आणि यंत्राने विणलेल्या पॉलिस्टरच्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली. पण हातसुताचा झेंडा पाहिला, की आमची मुले आता मान वर करून मोजू लागतात, "बाई, याला किती तास लागले असतील?"

रुमाल काही आमचा झाला नाही. २६ जानेवारीपर्यंत मुलांनी जमेल तितके सूत कातले. कुठे जाड, कुठे बारीक, गाठीच गाठी. त्याची आम्ही एक सूतमाळ केली. झेंडावंदन झाल्यावर ती कुणाच्या गळ्यात घालायची, हे विचारावे लागलेच नाही. तो न बोलणारा मुलगा माळ घेऊन थेट आजींकडे गेला. आजींनी माळेतला एक जाडसर धागा चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यो तुझा हाय न्हवं? अजून वढायलास तू!"

तर बालमित्रांनो, टकळी जरूर बनवा. पहिले सूत तुटेल, दहावेही तुटेल. तुटले की आधी टकळी सरळ आहे ना ते पाहा, मगच स्वतःला दोष द्या. आणि हो, टकळी फिरायला लागली, की तोंडाची टकळी आपोआप बंद पडते. हा माझा वर्गातला अनुभव आहे!