शिकाऊ विमानातील वीस मिनिटे

पनवेलच्या आकाशाला आता विमानांचे नवल राहिलेले नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून प्रवाशांची ये-जा सुरू झाली, आणि पहिल्या काही दिवसांत वर वळणाऱ्या माना पुढे वळेनाशा झाल्या. मला मात्र ही मोठी विमाने पाहिली की दर वेळी एका अगदी लहान विमानाची आठवण होते. त्यात फक्त दोन माणसे बसतात. त्यांतला एक डिसेंबर २०२३ मध्ये वीस मिनिटांपुरता मी होतो.

"काय रे, खरंच विमान चालवलंस?" असे मित्र विचारतात. खरे उत्तर असे, की चालवले नाही. पण त्याची दांडी चार-पाच मिनिटे माझ्या हातात होती. ती हातात कशी आली आणि तेव्हा काय कळले, ते या लेखात सांगायचे आहे.

अकरावी-बारावी मी मुंबईला मामांकडे राहून केली. तिथल्या महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेची म्हणजे एन.सी.सी.ची वायुदल तुकडी होती. मी नाव घातले ते आकाशाच्या ओढीने, असे लिहिले तर शोभून दिसेल. पण ते खरे नाही. कवायतीनंतर पोटभर नाश्ता मिळतो, असे एका मित्राने सांगितले होते. पहिले काही महिने आम्ही जमिनीवरच पाय आपटले. विमानाचे नाव फक्त वर्गात निघे.

ही वायुशाखा आपल्या वाचकांना फारशी माहीत नसते. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली. १ एप्रिल १९५० रोजी तिची वायुशाखा सुरू झाली आणि पहिल्या दोन तुकड्यांपैकी एक मुंबईत होती, दुसरी कलकत्त्यात. तेव्हाचे शिकाऊ विमान म्हणजे टायगर मॉथ. दोन मजली पंख, त्यांवर ताणून बसवलेले कापड, वरून उघडी बैठक, आणि इंजिन सुरू करायला कुणीतरी पुढे उभे राहून पंखा हाताने फिरवायचा. विलायतेत १९३१ साली पहिल्यांदा उडालेल्या या विमानावर आपल्या देशातील वैमानिकांची एक पिढी तयार झाली.

टायगर मॉथची जागा घेणारे विमान मात्र आपल्याकडे बनले, आणि ते बनवणारा माणूस मराठी होता, हे मला छात्रसेनेत येईपर्यंत ठाऊक नव्हते. डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. पुढे बंगळूरच्या हिंदुस्तान कारखान्यात त्यांच्या नेतृत्वाखाली एच.टी.-२ हे शिकाऊ विमान तयार झाले आणि ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते प्रथम आकाशात गेले. स्वतंत्र भारतात इथेच आराखडा करून घडवलेले हे पहिले विमान. घाना देशानेही ही विमाने घेतली. त्याच कारखान्यातून १९५८ साली 'पुष्पक' नावाचे दोन आसनी हलके विमान बाहेर पडले आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोरे त्यावर शिकू लागली. हे नाव ध्यानात ठेवा. ते लेखात पुन्हा येणार आहे.

आज छात्रसेनेकडे मायक्रोलाईट जातीची विमाने आहेत. मी बसलो ते 'व्हायरस एस.डब्ल्यू. ८०', युरोपातील स्लोव्हेनिया या छोट्या देशात तयार झालेले. नाव ऐकून आजीने आधी हात जोडले, कारण करोनाची साल अजून कुणी विसरलेले नव्हते! पंख डोक्यावर, आसने शेजारी शेजारी, इंजिन ऐंशी अश्वशक्तीचे, आणि माणसे-इंधन धरून सारे वजन साडेचारशे किलोच्या आसपास. म्हणजे एका धष्टपुष्ट म्हशीइतके.

उड्डाणाआधी पालकांच्या संमतीचा कागद लागतो. तो इंग्रजीत होता. शनिवारी तो घेऊन मी घरी आलो. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. मराठी सावकाश वाचतात, इंग्रजी नाही. कंदिलाचे दिवस गेले असले तरी आमच्या घरी कागद वाचण्याची रीत जुनीच आहे : एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. मी वाचून दाखवू लागलो. अपघातात काही बरेवाईट झाले तर कुणावर दावा करणार नाही, अशा अर्थाचे एक वाक्य मध्ये होते. ते मी वाचले नाही. "बस, एवढंच," म्हणालो. बाबांनी सही केली. या वाक्याकडे मी शेवटी पुन्हा येईन.

शिबिर घाटावर होते. पहाटे आम्हांला गाडीतून धावपट्टीवर नेले. पहाटेच का? कारण ऊन चढले की जमीन तापते, तापलेली हवा वर उठते आणि हलके विमान पाटावरच्या वाटाण्यासारखे थरथरते. सकाळची हवा शांत असते. नवशिक्याला तीच बरी.

आधी विमानाभोवती एक प्रदक्षिणा झाली. वैमानिक, म्हणजे वायुसेनेचे अधिकारी, प्रत्येक बिजागरी हाताने हलवून पाहत होते. टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल नळीत काढून त्यात पाणी उतरलेले नाही ना हे पाहिले. पुढे एक बारीक नळी असते, तिच्यावरचे झाकण काढले. या नळीत समोरून जितका वारा दाबून शिरतो, त्यावरून वेगाचा काटा फिरतो. झाकण काढायला विसरलात तर विमान धावेल, पण काटा वेग दाखवणार नाही.

धावपट्टीच्या टोकावर आकडे रंगवलेले असतात, ते कशाचे? होकायंत्राच्या अंशांतले शेवटचे शून्य गाळले की तो आकडा मिळतो. आपल्या नव्या विमानतळाची पट्टी एका बाजूने ०८ आणि दुसऱ्या बाजूने २६ आहे. म्हणजे एका दिशेने जवळजवळ पूर्व, दुसऱ्या दिशेने जवळजवळ पश्चिम. दोन्हींत अठराचा फरक, कारण अर्धे वर्तुळ १८० अंशांचे. विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उडते, म्हणजे पंखांना लागणारा वारा थोडा फुकट मिळतो.

आता मुख्य प्रश्न : एवढे धूड वर जाते कसे? एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढू नये अशी सूचना असते, आणि आपण सर्वांनी तो काढलेला आहे. तळहाताची पुढची कड जराशी उचलली की वारा हात वर नेतो. विमानाचा पंख तेच करतो. तो हवेला खाली ढकलतो, हवा त्याला वर ढकलते. वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो; म्हणूनच विमानाला आधी धावावे लागते. पण हात फारच उभा केला तर? मग तो वर न जाता मागे लोटला जातो. पंख प्रमाणाबाहेर उभा धरला की वरून वाहणारी हवा त्याला सोडून जाते आणि उचल एकदम कमी होते. याला वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. त्यावर उपाय सोपा, पण मनाला न पटणारा : पडू लागल्यावर नाक वर ओढायचे नाही, उलट थोडे खाली करायचे.

पट्टी मागे पळू लागली. दगड, गवत, पांढऱ्या रेघा. मग खडखड अचानक थांबली. विमान उडाल्याचे मला डोळ्यांनी कळले नाही; चाकांचा आवाज बंद झाला म्हणून कळले. पोटात गोळा आला. हजार फुटांवर गेल्यावर खाली पाहिले, तर शेते एखाद्या गोधडीसारखी, आणि त्यांवरून आमचीच छोटी सावली आमच्याबरोबर पळत होती.

"अब तुम पकड़ो," असे साहेब म्हणाले. दांडी मागे घेतली की शेपटीवरची आडवी फळी वर होते आणि नाक उचलते. पुढे केली की नाक झुकते. डावी-उजवी केली की पंखांच्या टोकांकडच्या फळ्या एक वर, एक खाली होऊन विमान कलते. पायांखालच्या पट्ट्या शेपटीवरचे उभे सुकाणू हलवतात, आपल्या खाडीतल्या होडीसारखे. हे सारे वर्गात पाठ होते. तरी दांडी हातात येताच मी ती कुदळीसारखी आवळली. नाक वर गेले. मी घाबरून खाली केले. ते जास्तच खाली गेले. पुन्हा वर ओढले. विमान लाटेवरच्या होडीसारखे झाले.

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "ढीला पकड़ो, बेटा. चिड़िया पकड़ी है, डंडा नहीं." मी तीन बोटांनी धरली. काय आश्चर्य, विमान आपोआप सरळ झाले! चांगले शिकाऊ विमान असेच बांधलेले असते : सोडून दिले तर ते स्वतःच सरळ होऊ पाहते. बिघडवत असतो तो आपला भेदरलेला हात. परीक्षेच्या सभागृहात पेन आवळून बसलो की मला हे वाक्य आजही आठवते.

मग एक डावे वळण, पट्टीला समांतर उलटा प्रवास, आणखी दोन वळणे, आणि पट्टी समोर. उतरताना दांडी अर्थातच साहेबांच्या हातात होती. विमान पट्टीवर आदळत नाही. जमिनीलगत नाक हळूहळू उचलून ते थकवले जाते, आणि उडण्याइतका वेग उरला नाही की ते आपणहून बसते.

घरी आलो तेव्हा आजीने एकच विचारले, "पोरा, वरशी आपला घर दिसला का रं?"

आमचे घर तिथून शे-दीडशे किलोमीटर दूर. आणि आजीच्या मनातले घर तर आता कुठूनच दिसणार नाही. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर, चिंचपाडा अशी दहा गावे विमानतळासाठी उठली. उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी कापून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला. उठलेल्या लोकांसाठी ज्या वसाहती झाल्या, त्यांतल्या एकीचे नाव पुष्पकनगर. घाटगे यांच्या कारखान्यातल्या त्या हलक्या विमानाचे आणि रामायणातल्या त्या विमानाचे नाव आज आमच्या रिक्षावाल्यांच्या तोंडी पत्ता म्हणून आहे. पुष्पक खूप लोकांनी बोलले. त्यात बसलेला आमच्या घरात मी पहिलाच, आणि तोही दुसऱ्याच नावाच्या विमानात.

त्या रात्री बाबांना मी न वाचलेले वाक्य सांगितले. ते म्हणाले, "मला कळलं होतं. तुझा आवाज तिथं अडखळला." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या आजोबांनाही कुणीतरी असाच एक कागद वाचून दाखवला होता. त्यांनी अंगठा दिला. सगळं वाचलं होतं की नाही, हे तुझी आजी अजून विचारते. घरात इंग्रजी वाचणारा पहिला तू. तू तरी वाक्य गाळू नकोस." मला त्यांनी मारले असते तर बरे वाटले असते.

म्हणून मित्रहो, इथे वाक्य गाळत नाही. वायुसेनेच्या उड्डाण शाखेला बारावीस गणित व भौतिकशास्त्र लागतात. मी कला शाखा घेतली तेव्हा हे मला सांगणारे घरी कुणी नव्हते, आणि विचारावे हे मला सुचले नाही. शिवाय छात्रसेनेचे 'बी' प्रमाणपत्र मिळाले, पण घरच्या अडचणीमुळे पनवेलला परतलो आणि तिसरे वर्ष राहिल्याने 'सी' राहिले. ते दार मला बंद आहे. पण सारीच बंद नाहीत. प्रशासन, रसद यांसारख्या वायुसेनेच्या जमिनीवरील शाखांना कला शाखेचा पदवीधर चालतो. मात्र पदवीला साठ टक्के गुण हवेत. मुलींनाही ही दारे उघडी आहेत. गणित व भौतिकशास्त्र राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून नंतरही देता येतात आणि व्यापारी वैमानिकाच्या परवान्यासाठी ते धरले जातात. पण त्या परवान्याला दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि खर्च अनेक लाखांत जातो. हे दुसरे वाक्यही पहिल्याइतकेच मोठ्याने वाचावे.

आपल्या धाकट्या भावंडांना दहावीनंतर शाखा निवडायची असेल, तर त्यांना एवढे तरी सांगा. विमानतळ आपल्या दाराशी आला आहे. त्याच्या कुंपणाबाहेर उभे राहून बोट दाखवणे काही अवघड नाही. आत जाण्यासाठी कोणता कागद लागतो, हे मात्र पूर्ण वाचावे लागते.

मी स्वतः साठ टक्क्यांच्या मागे आहे. प्रथम वर्षाला अठ्ठावन्न आले. दोन टक्के कमी पडतात. पेन सैल धरून पाहतो आहे.