तांड्यांनी पोसलेली राज्यं

सहाराच्या दक्षिण कडेवरच्या माली साम्राज्याचं बळ उंटांच्या काफिल्यांवर उभं होतं. तघाझाच्या खाणींतलं मीठ दक्षिणेला यायचं, सोनं उत्तरेला जायचं आणि दोन्हींवरची जकात राजाच्या तिजोरीत पडायची. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातला वैराग-बार्शीचा मुलूख वाळवंट नाही, पण पर्जन्यछायेतला आहे, आणि भीमा-सीनेतून बारमाही नावा चालत नाहीत, म्हणून इथेही माल जनावरांच्या बळावरच फिरला. जवळच्या तेरचा, म्हणजे प्राचीन तगरचा माल बिनवाटांच्या प्रदेशातून गाड्यांनी भडोचला जातो, असं पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो. पुढे मोठ्या फौजा दख्खनेत उतरल्या, तेव्हा त्यांचं पोट गाड्यांपेक्षा लदेणीच्या बैलांनी सांभाळलं. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी. वाटेत मिळेल ते गवत हाच त्याचा चारा, त्यामुळे वाहतूक स्वस्त. सतराव्या शतकातला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहितो. ते हाकणाऱ्या लमाणांतले, म्हणजे बंजाऱ्यांतले काही फक्त धान्य वाहत, काही तांदूळ, काही डाळी, तर काही मीठ.

राज्य शेतसाऱ्यावर चालायचं, तांड्यांवर नव्हे, असा आक्षेप कुणी घेईल. तिजोरीपुरता तो खरा आहे. पण फौज उभी असते तिथे धान्य पोचलं नाही, तर साऱ्याचा पैसा काय कामाचा? १६९५ ते १६९९ औरंगजेबाचा तळ याच जिल्ह्यात, भीमाकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे माचणूरला होता. तेवढ्या छावणीला आसपासची ज्वारी पुरणं अशक्यच. त्याच १६९५ मध्ये मराठा सेनापती संताजी घोरपड्यांनी मोगल सरदार कासीमखानाला दोड्डेरीत कोंडलं. दाणागोटा संपल्यावर त्या बलाढ्य मोगल फौजेला खंडणी कबूल करून सुटका करून घ्यावी लागली. मराठ्यांनी साम्राज्याची नस बरोबर ओळखली होती.

मग ज्यांच्यावाचून फौजा हलत नव्हत्या, त्या लमाणांचं स्वतःचं राज्य का झालं नाही? माझ्या मते, त्यांची ताकद चालण्यात होती. राज्याला मात्र किल्ला लागतो, जमीन लागते, एका जागी बसून वसुली करावी लागते. तांड्याचा नाईक राजाशी भाव ठरवी आणि पुढच्या कुरणाकडे निघे. १८०३ मध्ये मराठ्यांशी लढताना इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीनेही रसदीसाठी याच तांड्यांचा आधार घेतला. मग आगगाडी आली. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीला पोचली. इंग्रजांना या बैलांची गरज उरली नाही, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कित्येक ठिकाणी बंजाऱ्यांना गुन्हेगार म्हणून नोंदवलं गेलं. महाराष्ट्रात हा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे.