गुंजनपक्ष्यांचा हिवाळी मुक्काम

विसाव्या शतकाच्या आरंभी ‘ॲना’ जातीच्या गुंजनपक्ष्याचा मुलूख मुख्यतः दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेला मेक्सिकोचा बाहा प्रांत एवढाच होता. आणि १८२९ साली रेने लेसन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने रिव्होलीची डचेस ॲना मासेना हिचे नाव ज्याला बहाल केले, तो हा चार-पाच ग्रॅम वजनाचा जीव पुढे थेट कॅनडाच्या थंडीत कायमचे बिऱ्हाड थाटील, असे भाकीत त्या काळी कोणी केले असते, तर पक्षिविद्येच्या दरबारात त्याची दाद लागली नसती.

या विस्ताराची पहिली सनद दिली ती वनस्पतींनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात आलेला निलगिरी हिवाळ्यात फुलतो. त्याच्यामागून हौशी गृहस्थांच्या परसांत परदेशी फुलझाडे आली, आणि साखरपाण्याच्या तांबड्या बाटल्याही टांगल्या गेल्या. १९६० नंतरच्या दशकात हा पक्षी सिॲटलच्या बागांत दिसू लागला, आणि यथावकाश त्याने व्हँकुव्हरपर्यंत हद्द वाढविली. आपापल्या अंगणातले पक्षी मोजणाऱ्या सामान्य नागरिकांच्या नोंदींवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोन दशकांत त्याचा हिवाळी मुलूख ७०० किलोमीटरांहून अधिक उत्तरेस सरकल्याचे आणि दाट वस्तीच्या जागी तो अधिक स्थिरावल्याचे आढळले. सरकारी दफ्तरांना जे टिपता आले नसते, ते खिडकीशी बसलेल्या गृहिणींनी आणि निवृत्तांनी टिपले, याचे मला विशेष कौतुक वाटते.

बाटल्यांच्या लोभाने पक्षी स्थलांतर विसरतात, हा आक्षेप मात्र मला निराधार वाटतो. कारण ॲना मुळातच दूरचा प्रवासी नव्हे, आणि त्याचा भाऊबंद रूफस बाटली काठोकाठ भरलेली असतानाही बहुधा मेक्सिकोची वाट धरतोच. ॲना थंडीच्या रात्री देहाचे तापमान कमालीचे उतरवून, हृदयाची गती मंदावून ग्लानीत पडून राहतो, आणि पहाटे जागा होतो तो अत्यंत क्षुधित होऊन; त्याच सुमारास बाटलीतले साखरपाणी गोठलेले असले, तर त्या आतिथ्याला अर्थ उरत नाही. म्हणूनच एक भाग साखर आणि चार भाग पाणी, त्यात ना मध ना रंग, अशी बाटली रात्री घरात घेऊन उजाडण्यापूर्वी पुन्हा टांगण्याचा परिपाठ तेथील जाणत्या घरांत पडला आहे.

२०१७ साली व्हँकुव्हरच्या नागरिकांनी मतदान करून याच पक्ष्याला आपल्या शहराचा अधिकृत पक्षी म्हणून निवडले.