राजदूत ३५० चा पुढचा ब्रेक

राजदूत ३५० चा विषय वऱ्हाडात कुठंही काढा, माणूस आधी तिच्या आवाजाबद्दल बोलतो, मग ती किती पेट्रोल प्यायची त्याबद्दल. तिसरा विषय ब्रेकचा. तिथं आल्यावर गाडीचा कट्टर भक्तही मान्य करतो की पळायला तिच्यासारखी दुसरी नव्हती, थांबायला मात्र ती वेळ लावायची.

संपादकांनी मला जुन्या मोटरसायकलींवर लिहायला पाठवलं होतं: अमरावती-अकोला पट्ट्यात अजून कोण त्या जपतं, सुटे भाग कुठून येतात, असं सगळं. अकोल्यातल्या एका गॅरेजात शिरलो आणि लेख एका चाकाशीच अडकला. चाक स्टुलावर आडवं ठेवलेलं होतं, ड्रम वर करून. साठीतले मिस्त्री ड्रमच्या आतून पांढरा खडू फिरवत होते.

गाडीचा इतिहास थोडक्यात सांगतो. यामाहाची आरडी ३५० परदेशात १९७३ मध्ये आली आणि १९७६ मध्ये तिची जागा आरडी ४०० ने घेतली. एस्कॉर्ट्‌स कंपनीने तीच गाडी १९८३ मध्ये ‘राजदूत ३५०’ म्हणून भारतात आणली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सहा गिअर. सुरुवातीच्या ‘हाय टॉर्क’ गाडीची ताकद तीस अश्वशक्तीच्या आसपास होती. त्या वेळची बुलेट ३५० अठराच्या घरात होती. पेट्रोलची ओरड झाली म्हणून पुढं ताकद थोडी कमी केलेली ‘लो टॉर्क’ आली, पण तोवर १०० सीसीच्या जपानी गाड्यांनी बाजार ताब्यात घेतला होता. दशक संपता संपता राजदूत ३५० बंद पडली.

या सगळ्यात एक बदल महत्त्वाचा. परदेशातल्या आरडी ३५० ला पुढं डिस्क ब्रेक होता. आपल्या गाडीला ड्रम मिळाला. इंजिन त्याच घराण्यातलं, ब्रेक मात्र आधीच्या पिढीचा.

तरीही तो ड्रम टाकाऊ नाही, हे मिस्त्रींनी मला तासभर समजावलं. साध्या ड्रममध्ये एक कॅम असतो आणि दोन शू. कॅम फिरला की दोन्ही शू बाहेर सरकून ड्रमला घासतात. यातल्या एका शूला फिरता ड्रम आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट करतो. दुसऱ्याला तो उलटा मागं ढकलतो, म्हणून त्याचा उपयोग निम्म्याहून कमी. राजदूत ३५० च्या पुढच्या ड्रममध्ये दोन कॅम आहेत, आणि रचना अशी की दोन्ही शू घट्ट होणाऱ्या बाजूचे. ड्रमची स्वतःची फिरण्याची ताकदच ब्रेकला मदत करते. दोन्ही कॅमचे लिव्हर बाहेरच्या बाजूने एका सळईने जोडलेले असतात, आणि या ब्रेकचं सगळं भलंबुरं त्या सळईच्या लांबीवर ठरतं.

“हे पाहा भाऊ, दोन्ही शू एकाच टायमाले लागले पाहिजे. एक आंधी लागला ना, मंग दुसरा निस्ता वझं हाये,” मिस्त्री म्हणाले.

चाक त्यांनी शूवर बसवलं, हाताने फिरवलं, हलका ब्रेक दिला आणि पुन्हा उघडलं. खडू शूवरच्या घासणाऱ्या थरावर, म्हणजे लायनरवर उमटला होता, पण सगळीकडे नाही. एका शूच्या टोकाला दोन बोटं, दुसऱ्याच्या मधोमध एक पट्टा. जिथं खडू लागला तिथं लायनर उंच. तेवढाच भाग त्यांनी कानशीने घासला, ओल्या फडक्याने पुसला आणि परत खडू. असं करत करत पांढरा रंग लायनरभर पसरेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. मग सळई सोडली. एक कॅम हाताने शू टेकेपर्यंत फिरवला, दुसराही तसाच, आणि दोन्ही टेकलेल्या अवस्थेत सळईचा नट फिरवत तिची लांबी अशी आणली की पिन जोर न लावता आपोआप भोकात गेली. पिन ठोकावी लागली तर माप चुकलं, एवढा एकच नियम. गावोगावच्या गॅरेजांत ही सळई गाडी विकत घेतल्यापासून कुणी हलवलेली नसते, आणि बदनामी मात्र कंपनीच्या वाट्याला येते.

ओलं फडकं मी मुद्दाम लिहिलं. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असतं. त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर आजार कित्येक वर्षांनी उगवतो. आपल्याकडे कंप्रेसरने हवा मारून ड्रम साफ करायची सर्रास पद्धत आहे आणि शेजारी पोरगं पाना घेऊन उभं असतं. हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे आणि दर वेळी अंगावर काटा येतो. या मिस्त्रींकडे हवा मारायला बंदी आहे. त्यांच्या हाताखालच्या मुलांना हे एक शिकायला मिळालं, तरी पुष्कळ.

दुसरं काम लेथवर होतं. चाकाला नवे स्पोक घातले की त्यांच्या ताणाने ड्रम किंचित लंबगोल होतो. मग ब्रेक धरल्यावर लिव्हर बोटाखाली थरथरतो. म्हणून आधी रिम बांधायची आणि मग ड्रम कटाई करायची, तीही अख्खं चाक लेथवर चढवून. अठरा इंची रिमसकट चाक फिरेल एवढं मोठं लेथ साध्या गॅरेजात नसतं. ते असतं जिनिंग आणि डाळ मिलची कामं करणाऱ्या टर्नरकडे. अकोल्यात कापूस आणि डाळ आहे म्हणून असे टर्नर आहेत, आणि ते आहेत म्हणून इथं राजदूतचा ड्रम नीट गोल होतो. मला ही साखळी फार आवडली.

एवढं सगळं केल्यावर ब्रेक लागतो. चांगला लागतो, पण एकदा-दोनदाच.

कारण उष्णता. गाडी आणि माणूस मिळून २३० किलो धरा. ताशी ६० वरून थांबताना सुमारे ३२ किलोज्यूल उष्णता तयार होते. १०० वरून थांबताना ८९. वेग दुप्पटही झालेला नाही, उष्णता मात्र जवळपास तिप्पट. डिस्क उघडी असते, वारा लागतो. ड्रममध्ये ती उष्णता आत कोंडते, ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर जातो, लायनरची पकड सुटते. शिवाय जो ब्रेक ड्रमच्या ओढीवर ताकद कमावतो, तो पकड कमी होताच ती ताकद इतरांपेक्षा लवकर गमावतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना हे कळतं. सातशे मीटरच्या आसपास उतार आहे, आणि टू-स्ट्रोक इंजिन गिअरमध्ये टाकलं तरी गाडीला फारसं अडवत नाही. हिशेब केला तर ती उतरण म्हणजे शंभरच्या वेगावरून सतरा-अठरा वेळा थांबण्याएवढी उष्णता. वारा आणि टायर त्यातली थोडी खातात. बाकीची ब्रेकच्या वाट्याला.

त्यात रस्ते बदलले. अमरावती ते अकोला हा रस्ता वर्षानुवर्षं इतका वाईट होता की शंभरचा प्रश्नच नव्हता. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. आता मूर्तिजापूरच्या बाजूला चाळीस वर्षांची राजदूत सहज शंभरला जाते. तिच्या पुढं जी नवी मोटारगाडी असते तिला चारही चाकांना एबीएस असतो. ती जिथं थांबते तिथं राजदूत थांबत नाही.

आणि चालवणाऱ्यांची सवय वेगळीच. “पुढचा ब्रेक दाबू नको, पलटी होशीन,” हे आपल्याकडे गाडी शिकवतानाचं पहिलं वाक्य. जोरात ब्रेक मारला की वजन पुढं येतं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या चाकालाच करता येतं. ही भीती पोरांच्या मनातून काढणं ब्रेक बदलण्याइतकंच गरजेचं आहे असं मला वाटतं.

मग डिस्क का बसवत नाही? १९९९ च्या सीबीझेड आणि २००१ च्या पल्सरनंतर पुढची डिस्क तालुक्याच्या भंगारवाल्याकडेही मिळते. त्याच दिवशी अमरावतीचा एक तरुण हेच विचारायला आला होता, वडिलांची राजदूत घेऊन. त्याने एक फोर्क आणला होता: राजदूतचाच, त्याच्या खालच्या नळीला लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट क्लॅम्पने आवळून त्यावर कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडने धरणारा भाग, लावलेला. दुसरीकडून स्वस्तात करून मिळाला होता. मिस्त्रींनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि बाजूला ठेवला.

त्यांचं म्हणणं आकड्यांत मांडलं तर असं. जोरात ब्रेक मारल्यावर टायर रस्त्याला जेवढ्या ताकदीने धरतो, तिच्या जवळपास तिप्पट ताकद कॅलिपरवर येते, कारण डिस्क चाकापेक्षा बरीच लहान. २४० मिलिमीटरच्या डिस्कला ही ताकद पाचशे किलोच्या आसपास जाते. म्हणजे १७० किलोच्या कापसाच्या तीन गाठी त्या पट्टीला लटकवल्यासारखं. खालची नळी ॲल्युमिनियमची ओतीव. ती एवढा भार एका बाजूने घ्यायला घडवलेलीच नाही. क्लॅम्प सरकला तर कॅलिपर स्पोकमध्ये जातो आणि चाक जागेवर जाम होतं. वेल्डिंग केलं तर ओतीव ॲल्युमिनियम तडकायची भीती वेगळी.

दुसरा रस्ता म्हणजे पल्सरसारख्या गाडीचा अख्खा पुढचा भाग: फोर्क, चाक, डिस्क, मास्टर सिलिंडर. यात ब्रॅकेट कंपनीचाच, म्हणून ब्रेकपुरती काळजी मिटते. पण फोर्कची लांबी वेगळी, त्यामुळे गाडीचं तोंड वर किंवा खाली जातं आणि हँडल हलकं नाही तर जड होतं. हँडलचा मधला दांडा राजदूतच्या बेअरिंगला जुळत नाही. तो टर्नरकडून करून घ्यावा लागतो, आणि तो तुटला तर ब्रेकचा विचार करायलाही वेळ मिळत नाही. स्पीडोमीटरची केबल राजदूतच्या पुढच्या हबमधून निघते, ती जाते. मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर वेगवेगळ्या गाड्यांचे घेतले तर बोअर जुळत नाहीत: मोठ्या बोअरला लिव्हर घट्ट लागतो पण जोर कमी, फार लहान बोअरला तो हँडलला टेकतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळ्यानंतर बदलावं लागतं, हे केबलच्या ब्रेकवर वाढलेल्या माणसाला आठवत नाही.

तिसरा रस्ता परदेशातल्या आरडीचा डिस्कवाला फोर्क मागवण्याचा. गाडीच्या घराण्याला तोच शोभतो, पण तो सामान्य माणसाच्या खिशाबाहेर आहे.

वर कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल: कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीला नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेतच. २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायला पन्नास वर्षं लागतात. राजदूत ३५० ची पहिली गाडी तिथं २०३३ मध्ये पोचेल, आणि तेव्हा मूळ सांगाडा, इंजिन न बदललेलंच लागेल. माझं नाव टाकू नका, असं मिस्त्री म्हणाले ते यामुळेच. सुरक्षित ब्रेक बसवणाऱ्याला आपलं नाव लपवावं लागतं आणि सडक्या लायनरवर गाडी चालवणाऱ्याला कुणी अडवत नाही, हे मला पटत नाही. चाचणी करून प्रमाणित केलेला ब्रेक-संच जुन्या गाड्यांना लावायची सोय परिवहन खात्याने करायला हवी.

तरुण बराच वेळ गप्प होता. मग त्याने पल्सरचा पुढचा भाग लावायचं ठरवलं. मिस्त्रींनी अटी सांगितल्या. राजदूतचा मूळ फोर्क, चाक आणि दांडा कापायचा नाही, तेल लावून पोत्यात बांधून घरी ठेवायचा. मधला दांडा टर्नरकडून झाला की तो तडा पाहायला रंग मारून तपासायचा, त्याचे पैसे वेगळे. ते आणलेलं क्लॅम्पचं काम कुणाला विकायचं नाही. गाडी मिळाल्यावर पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर साठवरून दहावर पंचवीस-तीस वेळा आणायची, पुरती न थांबवता, मधे गार होऊ देत, म्हणजे पॅड डिस्कला बसतात.

“आन् चिखलदऱ्याले?” तरुणाने विचारलं.

“तथी यंदा नाई,” मिस्त्री म्हणाले. “मांगचा ड्रम अजून पाह्यला नाई म्या.”